आजाराची वाटणी

टँकर येऊन गेला तरी मालनबाई जागच्या उठल्या नाहीत.

मुकुंदवाडीत त्या उन्हाळ्यात टँकर सहाव्या दिवशी यायचा. त्या दिवशी गल्लीतली प्रत्येक बाई आपापल्या पिंपाशेजारी उभी असायची, आणि मालनबाई सगळ्यांच्या आधी. आज शेजारच्या आवडाबाईंनी दोन हाका मारल्या, दारातून डोकावून पाहिलं आणि काही न विचारता यांच्या पिंपातही पाइप सोडून दिला. त्यांचा मुलगा ऋतुराज सकाळी नऊ वाजता गल्लीतल्या श्रीनिवास सरांना स्कूटरवर मागे बसवून मेंदूच्या डॉक्टरांकडे गेला होता, हे गल्लीला ठाऊक होतं. मार्चअखेर रक्त घेतलं होतं. सात आठवडे झाले. मालनबाईंच्या नवऱ्याच्या, कडूबांच्या, अंगात जे होतं ते मुलाच्या अंगात आहे की नाही, एवढंच आज कळायचं होतं.

मालनबाई चिंच फोडत बसल्या होत्या. सुपात चिंच, पुढ्यात चिंचोक्यांचा ढीग. हाताला काहीतरी हवं होतं म्हणून.

खिडकीपाशी कॉटवर कडूबा होते. वय सत्तावन्न, पण दिसायला सत्तरीचे. त्यांचे हात हवेत फिरत होते, तोंडासमोरचं कोळ्याचं जाळं बाजूला सारावं तसे. ते त्यांच्या मनानं फिरत नव्हते. बोलायला गेलं की शब्द वाटेत अडकायचे. कधी अख्ख्या दिवसात चार शब्द बाहेर पडत. समजत मात्र सगळं होतं. ते त्यांच्या डोळ्यांवरून मालनबाईंना कळायचं.

"वहिनी, फोन करून बघू का?" दारातल्या खुर्चीवरून सांडूनं विचारलं. कडूबांचा हा धाकटा भाऊ सोयगावहून पहिल्या एसटीनं आला होता. येताना रुमालात चार कैऱ्या बांधून आणल्या होत्या. यंदा झाडाला तेवढ्याच धरल्या, म्हणाला.

"नका करू भाऊजी. फोनवर नाय सांगणार म्हणलाय. तोंडानं सांगीन म्हणला."

"लई उशीर झाला पण."

"डॉक्टर लोक आधी समजून सांगत असतील, काका," दीपमाला आतून म्हणाली. ती कडूबांची थोरली लेक. चितेगावच्या कारखान्यात नवरा होता, तिकडंच बिऱ्हाड. कालच तीन वर्षांच्या सावनीला घेऊन आली होती. "एका वाक्यात नाही सांगत ते."

"तुला काय म्हायीत?" मालनबाई म्हणाल्या.

 दीपमाला लेकीच्या वेणीला रबर लावत राहिली.

मालनबाईंनी एक चिंच उचलली, शिरा ओढून काढल्या. सहा वर्षांपूर्वी याच डॉक्टरांनी सांगितलं होतं. हंटिंग्टन म्हणतात याला. मेंदूतला एक भाग झिजत जातो. आधी स्वभाव बदलतो, मग हातपाय ऐकेनासे होतात. आईबापाकडून येतो. प्रत्येक मुलाला पन्नास टक्के शक्यता. त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून त्या रडल्या होत्या, पण त्या रडण्यात एक मोकळेपणाही होता. आठ वर्षं ज्या माणसानं भाजीत मीठ कमी म्हणून ताटं भिरकावली, कंपनीत साहेबाची कॉलर धरली आणि नोकरी घालवली, दारू पितो असं ज्याला लोक म्हणाले आणि जो आयुष्यात थेंबाला शिवला नव्हता, तो माणूस त्यांचा नव्हताच. तो आजार होता. लग्नानंतर त्यांना गुपचूप सिनेमाला नेणारा कडूबा आत कुठंतरी तसाच होता. त्यांनी तो परत घेतला.

पण रिक्षात बसून घरी येताना त्यांनी तो पन्नास टक्क्यांचा हिशेब मांडला. लेकरं दोन. त्यातलं निम्मं. म्हणजे एक.

कोणतं, हे त्यांना विचारावं लागलं नाही. ऋतुराज बापाचा साचा होता. तेच रुंद कपाळ, तीच मान तिरकी करून चालायची ढब, आणि तोच राग. कॉलेजात असल्यापासून एकदम भडकायचा. डॉक्टरांनी सांगितल्यापासून त्यानं काही फेकलं, कुणाला वाट्टेल ते बोलला, की मालनबाई फरशी पुसत म्हणायच्या, "असू द्या. त्याच्या हातात नाय ते." पाहुण्यांना म्हणायच्या, शेजाऱ्यांना म्हणायच्या. हल्ली तो स्वतःही म्हणायला लागला होता.

---

सांडूनं खुर्ची थोडी आणखी दाराकडे सरकवली. या घरात तो कधी आत येऊन बसत नसे. ऊन लागतं, बिडी ओढायची आहे, एसटी गाठायची आहे, काहीतरी निमित्त असायचं. खरं कारण कॉटवर होतं. दादाच्या नजरेला नजर देणं त्याला जमत नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात तो दहा वर्षांचा होता. बाप, सखाराम, रोजगार हमीच्या खडीवर जायचा. हातोडी दगडावर न पडता बाजूला पडायला लागली, तेव्हा मुकादमानं 'पिऊन आलाय' म्हणून नाव काढून टाकलं. बापानं घरी येऊन आईवर राग काढला. गाव म्हणालं, दारुडा. सात वर्षांनी बाप गेला तो दारुडा म्हणूनच गेला. दोघा भावांनी बारा एकर वाटून घेतलं. सहा दादाला, सहा सांडूला. बांध घातला, दगड रोवले, तक्रार नाही.

मग चाळिशी ओलांडल्यावर दादाचे हात नाचायला लागले. आणि सांडूचे नाही. चोपन्न वर्षांचा झाला, अजून सुईत दोरा ओवत होता. डॉक्टरांनी निम्मं म्हटलं तेव्हा त्याला सगळं लख्ख कळलं. बापाचं जे काही होतं ते दोघांत वाटायचं होतं. शेत दोघांनी घेतलं. हे मात्र दादानं एकट्यानं घेतलं. माझाही वाटा त्यानं उचलला.

म्हणून सहा वर्षं तो दादाचं रान स्वतःच्या रानाआधी नांगरत होता, आणि त्याबद्दल कुणी चांगलं बोललं की उठून जात होता.

फाटकाचा आवाज झाला.

ऋतुराजनं स्कूटर भिंतीला लावली. मागून श्रीनिवास सर उतरले. सत्तरी ओलांडलेले, मुकुंदवाडीच्याच शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेले, कडूबांच्या घरात भावासारखे. सरांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत उसाचा रस होता. सांडूला ते बघून वाटलं, माणसं वाईट बातमी घेऊन रस आणत नाहीत. पण विचारायचा त्याचा धीर झाला नाही.

ऋतुराज चपला काढून आत आला. आईच्या समोर जमिनीवर बसला.

"आई, नाही. माझ्यात नाही."

"काय नाय?"

"अण्णांचा आजार. माझ्यात आलाच नाही. कधी येणारही नाही."

मालनबाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग सरांकडे.

"खरं आहे, मालनवहिनी," सर म्हणाले. "मी स्वतः वाचला रिपोर्ट. डॉक्टरांना तीनदा विचारलं. शेवटी ते माझ्यावर वैतागले."

मालनबाईंनी मुलाचे दोन्ही हात धरले. उलटे केले, सुलटे केले, आपल्या गालांना लावले. हात चिंचेनं चिकट झाले. सांडूनं डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली. बाहेर आवडाबाईंना आवाज गेला असावा, कारण त्यांनी तिकडूनच "झालं का गं चांगलं?" असं विचारलं आणि कुणी उत्तर दिलं नाही तरी "झालं, झालं" असं स्वतःच गल्लीला सांगून टाकलं.

आणि मग मालनबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी ऋतुराजचे हात सोडले. मान वळवून त्या दीपमालेकडे बघायला लागल्या.

"मंग दीपी," त्या म्हणाल्या. "मंग मव्ही दीपी गेली."

---

दीपमाला या क्षणाची चार वर्षं वाट बघत होती, आणि तो आला तेव्हा तिच्या हातात सावनीचा दुसरा रबर होता.

"आई, काय बोलतीस?"

"निम्म्यात एक. ह्याच्यात नाय तर कुणात? काय करू मी? तुला तर लेकरू झालं! सावनीचं काय?" त्यांनी नातीला ओढून घेतलं. "मी सारखी ह्याच्याकडं बघत राह्यले. तुझ्याकडं बघितलंच नाय."

"वहिनी, धीर धरा," सांडू म्हणाला. "येईन ते येईन. मी हाय. दीपे, मी हाय तुला."

"काका, थांबा. आई, ऐक तरी." दीपमाला उठली. भिंतीला टेकली. "माझ्यातही नाही."

सांडूनं हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली.

"मी केली होती तपासणी. सावनीच्या आधी. आम्ही मुंबईला लग्नाला गेलो होतो ना, ह्यांच्या मावसभावाच्या? तेव्हा. दोघांनी ठरवलं होतं, आधी कळू दे, मगच मूल. पुढं रिपोर्टला एकदा परत गेलो. नाही म्हणाले."

"चार वर्षं झाली त्याला!" मालनबाई म्हणाल्या.

"हो."

"आन् सांगितलं नाय?"

"कशी सांगणार? त्याच आठवड्यात तू मला काय म्हणाली होतीस आठव. म्हणालीस, दोघांतल्या एकाला सुटका आहे, एवढीच देवाची दया. मी सांगितलं असतं माझ्यात नाही, तर तू ऋत्याला त्याच दिवशी कॉटवर घातलं असतंस." दीपमालेचा आवाज चढला आणि उतरला. "अण्णांनी पण ऐकलं असतं. ते पण तेच समजले असते."

सरांनी रसाची पिशवी हळूच खिडकीत ठेवली.

"एक मिनिट," ते म्हणाले. "दोघांतल्या एकाला, हे कोण म्हणालं?"

"डॉक्टरच म्हणले," सांडू म्हणाला. "निम्मं म्हणले. आमच्या बापाला आम्ही दोघं. दादाला आलं, मला नाय. बरोबर निम्मं."

"आणि सहा वर्षं तुम्ही सगळे हेच धरून बसलात?"

मालनबाईंनी आणि सांडूनं एकमेकांकडं पाहिलं. दीपमालेनं मान खाली घातली. तिला आकडा कळत होता, पण हे उलगडून सांगायला लागलं की आपला रिपोर्टही सांगावा लागेल, म्हणून तिनं विषयच काढला नव्हता. आणि सरांना कुणी विचारलं नव्हतं. आजाराचा हा हिशेब या घरात इतक्या हळू मांडला जायचा की शेजारी राहणाऱ्या मास्तरलाही ऐकू जाऊ नये.

सर चिंचोक्यांच्या ढिगाशी मांडी घालून बसले. त्यातला एक टपोरा निवडला आणि उंबऱ्याच्या खरबरीत दगडावर घासायला लागले. बराच वेळ घासला. कुणी घाई केली नाही. शेवटी एका बाजूची साल जाऊन ती पांढरी झाली, दुसरी तपकिरी राहिली.

"सावनी, इकडे ये बाळा. हे उंच टाक बघू."

सावनीनं टाकला. पांढरी बाजू वर.

"पांढरं म्हणजे आजार नाही. ही तुझी आई. आता हाच पुन्हा टाक. हा मामा." मग सांडूकडे वळून, "काय पडेल?"

"काळी बाजू," सांडू लगेच म्हणाला.

"का?"

"मघाशी पांढरी पडली नं."

"सांडू, चिंचोक्याला मघाचं आठवतं का?"

 सावनीनं टाकला. पांढरी.

"परत टाकू?" तिनं विचारलं.

"टाक." तपकिरी. "परत." तपकिरी. "परत." पांढरी. "पाहिलंत? प्रत्येक वेळी निम्मी शक्यता, पण प्रत्येक वेळी नव्यानं. दहा मुलं असती तर दहांनाही आला असता, किंवा एकालाही नाही. शेताची वाटणी होते कारण शेत एकच असतं. एकाला जास्त गेलं की दुसऱ्याला कमी पडतं. हे शेत नाही. आईबापाकडून प्रत्येक मुलाला अंगाची एक चिठ्ठी मिळते. चांगली मिळाली की दुसऱ्या कुणाची वाईट झाली, असं नसतं. आणि चेहऱ्याच्या चिठ्ठ्या वेगळ्या, आजाराची वेगळी. बापाचं कपाळ आलं म्हणून बापाचा आजार आला, असंही नाही."

"म्हंजी," सांडूनं शब्द जुळवत विचारलं, "दादानं... मव्हा वाटा घेतला नाय?"

"कुणी कुणाचा घेत नाही. कडूबाच्या वेळी चिंचोका एकदा पडला. तुमच्या वेळी वेगळा पडला. तुम्ही चोपन्नचे झालात, हात स्थिर आहेत, तुम्ही बहुतेक सुटलात. पण कुणाच्या जिवावर नाही सुटलात."

सांडू उठला. खुर्ची ओलांडून, चिंचोके ओलांडून आत गेला आणि कॉटच्या कडेवर बसला. कडूबांचा एक हात हवेतून आला आणि त्याच्या कानाला लागला. सांडूनं तो धरला. हात सुटायला बघत होता, सांडू सोडत नव्हता.

"दादा," तो म्हणाला. "मला वाटायचं..."

कडूबा त्याच्याकडे बघत होते.

"आन् आता पोरीचं पुढं?" मालनबाईंनी सरांना विचारलं. त्यांनी सावनीला अजून सोडलं नव्हतं. "हिला?"

"दीपमालेत नाही तर हिच्यात येणार कुठून? उडी मारून नाही येत हा. या घरातला इथं थांबला, मालनवहिनी. संपला."

मालनबाईंनी पदर तोंडाला लावला. या वेळी त्या रडल्या.

---

ऋतुराज एवढा वेळ जमिनीवरच बसला होता.

डॉक्टरांच्या खोलीत त्याला आनंद झाला नव्हता. सहा वर्षं पाठीवर घेतलेलं ओझं कुणी मागून काढून घ्यावं आणि तोल जावा, तसं झालं होतं. चिकलठाण्याच्या रस्त्यावर रसाच्या गुऱ्हाळाशी स्कूटर थांबवून तो उभा राहिला होता. सर दोन ग्लास प्यायले, तो अर्धा. तेव्हा त्याला वाटलं, घरी गेल्यावर होईल आनंद.

आता त्याला ताई दिसत होती. भिंतीला टेकलेली, सुटल्यासारखी, चेहऱ्यावर ऊन आल्यासारखी. 

"चार वर्षं," तो म्हणाला.

"ऋत्या..."

"चार वर्षं तुला माहीत होतं आणि तू गप्प बसलीस? मी रात्ररात्र बोटं बघत जागायचो! चहाचा कप हलला की मला वाटायचं, झालं सुरू. नीरजाला मी लग्नाला नको म्हणालो, फोन करू नकोस म्हणालो, काय काय बोललो तिला. आणि तू मजेत होतीस!"

"मजेत नव्हते रे. मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी? माझ्यासाठी!" तो उठला आणि त्याचा पाय सुपाला लागला, की त्यानं मारला, ते कुणाला सांगता आलं नसतं. सूप भिंतीवर आदळलं. चिंच, शिरा, चिंचोके, सगळं खोलीभर उडालं. सावनी दचकून रडायला लागली. दीपमालेनं तिला उचललं.

"असू दे गं दीपे," मालनबाई नेहमीच्या सवयीनं केरसुणी घ्यायला उठल्या. "नको मनावर घेऊ. त्याच्या हातात नाय..."

आणि थांबल्या.

केरसुणी हातात तशीच राहिली. सरांनी वर बघितलं. ऋतुराजनंही आईकडे बघितलं. तोही ते वाक्य पुरं व्हायची वाट बघत होता, सहा वर्षं ते त्याच्यावर पांघरुणासारखं पडत आलं होतं. ते आलं नाही.

 तेवढ्यात कॉटवरून आवाज आला. आधी नुसती घरघर, मग एक अक्षर, मग दुसरं. कडूबा बोलायला निघाले होते. सांडूनं त्यांच्या तोंडाशी कान नेला, पण गरज नव्हती. सगळ्यांना ऐकू आलं.

"मंग... ह्यो राग... मव्हा नाय."

त्यांनी दम घेतला. हात सांडूच्या हातातून सुटला, हवेत फिरला, आणि फिरता फिरता नेमका मुलाच्या दिशेनं थांबला, निदान तसं वाटलं.

"तुहाच हाय."

आधी सांडू हसला. फुटलाच म्हणायचं, टोपी तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी काढत. मग सर. मालनबाई केरसुणीवर टेकून हसायला लागल्या, हसता हसता नवऱ्याजवळ गेल्या आणि त्यांच्या डोक्याला डोकं लावलं. "ऐकलं का, काय म्हणतेत!" असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. सहा वर्षांत त्या घरात ऋतुराजला कुणी रागावलं नव्हतं. ज्यानं रागवायचं त्याचे शब्दच गेले होते. आज ते कुठून तरी गोळा करून आणले होते.

ऋतुराजचे कान लाल झाले. तो कॉटजवळ गेला. बापाचे डोळे त्याच्यावर होते, आणि त्यात इतकं सुख होतं की त्याला बघवेना.

"व्हय अण्णा," तो म्हणाला. "माझाच."

कडूबांचे ओठ पुन्हा हलले. या वेळी त्यांना खूप वेळ लागला, आणि सगळे थांबले.

"सांभाळ मंग."

ऋतुराज खाली बसला आणि कॉटखालचे चिंचोके गोळा करायला लागला. सावनी आईच्या कडेवरून उतरून त्याच्याजवळ आली, नाक ओढत एकेक उचलून त्याच्या हातात द्यायला लागली.

"ताई, चुकलं," तो कॉटखालूनच म्हणाला.

"वर बघून म्हण," दीपमाला म्हणाली.

त्यानं डोकं बाहेर काढलं, केसांना धूळ लागलेली, आणि तिच्याकडे बघून तो पुन्हा तेच म्हणाला.